कोंबडीच्या रक्तातली खूण

खेड्यातल्या घरी कोंबड्यांची मर लागते तेव्हा काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. संध्याकाळी डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्या सकाळी माना टाकून पडलेल्या दिसतात. समजा, दहा कोंबड्यांपैकी सात गेल्या आणि तीन उरल्या. घरची बाई सातांचे दुःख करते आणि उरलेल्या तिघींना दाणे टाकते. पण त्या तिघी का उरल्या? पाणी तेच, उकिरडा तोच, खुराडे तेच आणि रोगही तोच. मग सातजणी मेल्या आणि तिघी जगल्या, याला नुसते दैव म्हणायचे, की त्यांच्या अंगात काही वेगळे होते? आणि वेगळे काही असेल, तर ते साथ येण्याआधी ओळखता येईल का?

प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तराचा शोध जवळजवळ शंभर वर्षे चालला आणि तो कोंबडीच्या रक्ताच्या एका थेंबापाशी येऊन ठेपला. त्या शोधाची हकिकत आज पाहू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. रक्ताला दोन प्रश्न विचारता येतात. पहिला असा : ‘तुझ्यात रोग लपला आहे का?’ दुसरा असा : ‘रोग आला तर तू टिकशील का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसाला लवकर मिळाले. पिलांची पांढरी हगवण हा रोग पूर्वी भयंकर होता. अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले आठ-पंधरा दिवसांत पटापट मरत. या रोगाचे जंतू १९०० च्या सुमारास अमेरिकेत रेटगर या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. पुढे कळले की, वरून धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या अंडाशयात हे जंतू ठाण मांडून बसतात आणि अंड्यावाटे पिलांत उतरतात. म्हणजे चोर घरातच होता. १९१३ साली जोन्स याने रक्त तपासून असा लपलेला रोग ओळखण्याची रीत दाखवली. १९३१ मध्ये ती इतकी सोपी झाली की, रंग दिलेल्या मृत जंतूंचा एक थेंब आणि कोंबडीच्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर एकत्र करायचा. एक-दोन मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर कोंबडी रोगवाहक समजायची. अशा कोंबड्या कळपातून काढून टाकल्या आणि कित्येक देशांत हा रोग पुष्कळसा आटोक्यात आला. हीच रंगीत थेंबाची तपासणी आपल्याकडेही होते.

पण ही झाली चोर पकडण्याची गोष्ट. घर मजबूत आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. दुसरा प्रश्न तसाच राहिला होता.

त्या दुसऱ्या प्रश्नाला हात घातला तो इलिनॉय विद्यापीठातल्या एल्मर रॉबर्ट्स आणि कार्ड यांनी. पांढऱ्या हगवणीच्या जंतूंना तोंड देऊन जी पिल्ले जगली, त्यांच्याच पोटी पुढची पिढी वाढवायची, असा क्रम त्यांनी धरला. १९२६ मध्ये त्यांनी जाहीर केले की, टिकाव धरण्याचा गुण आईबापांकडून पिलांत उतरतो. ‘खाण तशी माती’ हे आपण म्हणतोच; त्यांनी ते मोजून दाखवले. मग त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. टिकाऊ कुळातल्या आणि नाजूक कुळातल्या पिलांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा टिकाऊ पिलांच्या रक्तात लसिकापेशी नावाच्या पांढऱ्या पेशींची संख्या जास्त आढळली. कोंबडीच्या अंगातली ताकद रक्तावरून अजमावण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न होय. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती ही अशी.

आता या हकिकतीत दुसरा एक रोग येतो. १९०७ साली बुडापेस्टच्या पशुवैद्यक विद्यालयातले योझेफ मारेक यांच्यापुढे चार कोंबडे आले. त्यांचे पाय आणि पंख लुळे पडले होते. मारेक यांनी पाहिले तो मज्जातंतू सुजून जाड झालेले. हा रोग पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. कुक्कुटपालन करणारे त्याला आज मॅरेक्स म्हणतात. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेली तलंग ज्याने पाहिली असेल, त्याला हा रोग वेगळा सांगायला नको. पुढे तर यात मज्जातंतूंबरोबरच यकृतात, अंडाशयात, कातडीत गाठी येऊ लागल्या. म्हणजे कर्करोगाचाच हा एक प्रकार, आणि तो एकीकडून दुसरीकडे पसरणारा! औषध नाही, लस नाही, आणि कारण कोणते तेही ठाऊक नाही, अशी स्थिती कित्येक वर्षे होती.

अशा वेळी पैदास करणाऱ्याने काय करावे? कॅनडात अस्मंडसन आणि बाइली यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले की, काही कुळांत हा लुळेपणा पुष्कळ आढळतो आणि काहींत थोडा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात हट आणि कोल या दोघांनी १९३५ पासून एक दीर्घ प्रयोग मांडला. पिलांना मुद्दाम रोगाच्या संसर्गात वाढवायचे, कोणत्या आईबापांची पिल्ले मरतात आणि कोणाची जगतात याची नोंद ठेवायची, आणि ज्यांची जगली त्यांनाच पुढे वाढवायचे. पिढ्यामागून पिढ्या त्यांनी हे चालवले. टिकाऊ कुळ वेगळे झाले, नाजूक कुळ वेगळे झाले.

पण बघा, या रीतीची किंमत काय! एका कोंबड्याची परीक्षा करायची म्हणजे त्याची पोरे मृत्यूच्या दारात उभी करायची. डझनावारी पिल्ले मरतात तेव्हा कुठे बापाच्या गुणांचा पत्ता लागतो. वेळ जातो, पैसा जातो, जीव जातात. आणि ज्याच्याजवळ दहा-वीस कोंबड्या आहेत, त्याला तर हे करणे शक्यच नाही. म्हणून पैदास करणाऱ्यांना असे काहीतरी हवे होते, की जे जिवंत, निरोगी पक्ष्यावर एका टोचणीत बघता येईल.

ते मिळाले, पण कोंबडीचा रोग शोधणाऱ्यांना नव्हे. ते मिळाले रक्तगट शोधणाऱ्यांना.

माणसाचे रक्तगट लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्ना येथे दाखवले, हे शिक्षक मंडळींना माहीत आहेच. पुढे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात आयर्विन यांच्या प्रयोगशाळेत जनावरांचे आणि पक्ष्यांचे रक्तगट शोधण्याचे काम सुरू झाले. रीत अशी : एका कोंबडीच्या तांबड्या पेशी दुसरीला टोचायच्या. दुसरीच्या शरीराला त्या परक्या वाटल्या, तर ते त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार करते. मग त्या दुसरीच्या रक्तातला निवळ भाग घ्यायचा आणि तो निरनिराळ्या कोंबड्यांच्या पेशींत मिसळून कुठे गुठळ्या होतात ते पाहायचे. जिथे गुठळ्या होतील त्या एका गटातल्या. १९५० मध्ये ब्राइल्स, मॅकगिबन आणि आयर्विन यांनी या रीतीने कोंबडीतले दोन रक्तगट-समूह जाहीर केले. त्यांना ए आणि बी अशी नावे दिली. माणसाच्या ए आणि बी गटांशी यांचा काही संबंध नाही, एवढे लक्षात ठेवा. आपली हकिकत यातल्या बी समूहाची आहे.

ब्राइल्स यांच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. जवळच्या नात्यात पिढ्यानपिढ्या पैदास केली म्हणजे सगळे पक्षी एकसारखे होत जातात, हा नियम आहे. आईकडून आणि बापाकडून मिळालेली जनुकांची जोडी हळूहळू एकाच तऱ्हेची होते. पण बी समूहाच्या बाबतीत तसे होईना! बंदिस्त कळपांतसुद्धा आईकडून एक प्रकार आणि बापाकडून दुसरा प्रकार मिळालेले पक्षी अपेक्षेपेक्षा जास्त उरत होते. ब्राइल्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९५७ मध्ये हे प्रसिद्ध केले. याचा अर्थ उघड होता. दोन निराळे बी-प्रकार अंगी असणारा पक्षी जगण्याच्या शर्यतीत कुठेतरी सरस ठरत होता. रक्ताचा हा गट म्हणजे केवळ रंगरूपासारखी निरुपयोगी खूण नव्हती. तिच्याशी जगण्यामरण्याचा काहीतरी संबंध होता. कोणता, ते अजून कळायचे होते.

त्यानंतर १९६१ मध्ये आयोवा येथे शीरमन आणि नॉर्डस्कॉग यांनी एका कोंबडीच्या कातडीचा तुकडा दुसरीला लावून पाहिला. बी प्रकार जुळला तर कातडी चांगली टिकून राही. न जुळला तर शरीर ती लवकर झिडकारून टाकी. म्हणजे बी समूह हा शरीराचा ‘आपला कोण आणि परका कोण’ हे ओळखणारा पहारेकरी निघाला. रोगाचा जंतू किंवा विषाणू हाही परकाच की! आता धागा जुळत चालला.

१९६७ हे वर्ष या हकिकतीत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी इंग्लंडमधल्या हॉटन येथील संशोधन केंद्रात चर्चिल आणि बिग्ज यांनी मॅरेक्स रोगाचे कारण शोधून काढले. तो नागिणीच्या विषाणूच्या कुळातला एक विषाणू होता. तो पिसांच्या मुळाशी तयार होतो आणि पिसांच्या भुग्याबरोबर हवेतून पसरतो, हेही नंतर लवकरच समजले. आणि त्याच १९६७ साली अमेरिकेत हॅन्सन, व्हॅन झँट आणि लॉ यांनी कळवले की, दोन निरनिराळे बी-प्रकार असलेल्या कोंबड्यांत मॅरेक्सचे प्रमाण सारखे नसते. रोगाचे कारण आणि रोगाविरुद्धची रक्तातली खूण, दोन्ही एकाच वर्षी हाती आल्या.

मग पुरावा पक्का झाला तो कॉर्नेलमध्येच. कोल यांनी १९६८ मध्ये आपल्या निवडीच्या प्रयोगाचे फळ प्रसिद्ध केले होते. एकाच मूळ कळपातून त्यांनी दोन वंश काढले होते, आणि काही थोड्या पिढ्यांत त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर पडले होते. एका वंशातली बहुतेक पिल्ले मॅरेक्सला बळी पडत, दुसऱ्यातली फारच थोडी. निवड करताना त्यांनी रक्तगट पाहिलेला नव्हता. जगला-मेला एवढेच पाहिले होते. नंतर ब्राइल्स यांनी स्टोन आणि कोल यांच्याबरोबर त्या पक्ष्यांचे रक्त तपासले. टिकाऊ वंशात जवळजवळ सर्वत्र बी-२१ हा एकच प्रकार आढळला. हे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगाने निवड करून जे ठेवले, त्यावर रक्ताने आपली मोहोर उठवलेली होती!

आता तुम्ही विचाराल, या खुणेत अशी काय जादू आहे? जादू काही नाही. शरीराची प्रत्येक पेशी आपल्या आत जे काही चालले आहे त्याचे बारीक नमुने बाहेर भिंतीवर मांडून ठेवते. ते मांडण्यासाठी तिच्याजवळ जणू छोटी तबके असतात. पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी फिरता फिरता ती तबके बघतात. आत विषाणू शिरला असेल तर त्याचा तुकडा तबकात दिसतो आणि ती पेशी नष्ट केली जाते. ही तबके तयार करणारी जनुके बी समूहात आहेत. १९९९ मध्ये कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा समूह अक्षर न् अक्षर वाचून काढला, तेव्हा कळले की, माणसात याच कामासाठी दोनशेहून अधिक जनुके पसरलेली आहेत, तर कोंबडीत अवघ्या एकोणीस जनुकांत तो आटोपलेला आहे. माणसाच्या कोठारात तबके पुष्कळ. एक चालले नाही तर दुसरे. कोंबडीजवळ मोजकीच. म्हणून कोंबडीच्या बाबतीत एक प्रकार बदलला की रोगाचा सगळा निकालच बदलू शकतो. आणि २००७ मध्ये असेही दिसले की, बी-२१ चे तबक लवचीक आहे, त्यात निरनिराळ्या आकाराचे तुकडे मावतात. विषाणूला लपायला जागा कमी उरते, ती यामुळे.

इथवर ऐकून वाटेल की, झाले काम! बी-२१ असलेल्या कोंबड्या तेवढ्या ठेवाव्यात आणि बाकीच्या विकून टाकाव्यात. पण थांबा. या हकिकतीतला सर्वांत मोलाचा धडा इथेच आहे.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया येथे सीगल आणि ग्रॉस या दोघांनी १९७० नंतर एक सुंदर प्रयोग केला. कोंबड्यांना मेंढीच्या तांबड्या पेशी टोचायच्या. त्याने रोग होत नाही. पण शरीर परक्याविरुद्ध किती जोराने प्रतिद्रव्य तयार करते, ते रक्तावरून मोजता येते. जास्त प्रतिद्रव्य करणाऱ्यांचा एक वंश आणि कमी करणाऱ्यांचा दुसरा वंश त्यांनी वाढवला. पहिल्या वंशात पुढे बी-२१ चेच प्राबल्य दिसून आले. हा पहिला वंश पुष्कळ रोगांना सरस ठरला. श्वसनाच्या मायकोप्लाझ्माला, आतड्यातल्या एका रक्ती हगवणीला, एवढेच काय, पिसांतल्या किड्यांनाही त्याने चांगले तोंड दिले. पण ई-कोलाय आणि स्टॅफिलोकोकस या जंतूंपुढे तो कच्चा पडला. तिथे कमी प्रतिद्रव्यवाला वंशच वरचढ निघाला! शिवाय जास्त प्रतिद्रव्यवाले पक्षी वजनाने हलके राहिले. ढालीवर खर्च केलेले लोखंड नांगराला उरत नाही, तसेच हे.

याच दोघांनी १९८३ मध्ये रक्ताची आणखी एक खूण सांगितली. कोंबडीला ताप, उपासमार, गर्दी, भीती यांचा जाच झाला की, रक्तातल्या हेटरोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात आणि लसिकापेशी कमी होतात. या दोहोंचे प्रमाण पाहिले की पक्षी सुखात आहे की जाचात, ते समजते. म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली कोंबडी कोंदट, ओल्या, दाटीच्या खुराड्यात ठेवली, तर तिचे रक्तच आपल्याविरुद्ध साक्ष देईल. कुळाची ताकद खरी. पण सांभाळ नीट नसेल तर ती ताकद आतल्या आत खर्च होते.

मग लसीचे काय? मॅरेक्सची लस १९६९ मध्ये हॉटन येथेच तयार झाली आणि १९७० मध्ये अमेरिकेत टर्की पक्ष्याच्या निरुपद्रवी विषाणूपासून दुसरी लस निघाली. कर्करोगासारख्या गाठी लसीने रोखल्याचे हे पहिलेच मोठे उदाहरण होय. कोट्यवधी पिल्ले तिने वाचवली. परंतु ही लस गाठी आणि मृत्यू टाळते, विषाणूचा शिरकाव मात्र पुरता टाळत नाही. लस टोचलेली कोंबडी स्वतः जगते, आणि पिसांच्या भुग्यातून विषाणू सोडीत राहते. वर्षांमागून वर्षे विषाणूचे अधिकाधिक जहाल प्रकार दिसत गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, एरवी स्वतःच्या जहालपणामुळे कोंबडीबरोबर मरून गेले असते असे विषाणू लस टोचलेल्या कळपात टिकून पसरू शकतात. याचा अर्थ लस टाकून द्या असा मुळीच नाही. लस टोचलीच पाहिजे. पण लस एका खांद्यावर आणि कुळ दुसऱ्या खांद्यावर, अशी कावड दोन्ही बाजूंनी तोलली पाहिजे.

आपल्या देशापुरते पाहिले तर राणीखेत म्हणजे मानमोडी हा आपला जुना वैरी. १९२७ साली कुमाऊँमधल्या राणीखेत येथे तो ओळखला गेला म्हणून त्याला ते नाव पडले. मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेने त्यावर लस काढली, आणि आपल्या पुण्याला औंध येथे पशुवैद्यकीय जैव पदार्थांच्या संस्थेत राणीखेतची लस तयार होते. मॅरेक्सला टिकणारी खूण राणीखेतची हमी देत नाही, हे विसरू नका. एका रोगाचा दाखला दुसऱ्या रोगापुढे चालत नाही.

आज गुठळ्या पाहण्याची गरजही राहिलेली नाही. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते, पण कोंबडीच्या तांबड्या पेशीत ते असते. म्हणून कागदावर टिपलेल्या तिच्या रक्ताच्या एका थेंबातून जनुकांची तपासणी होऊ शकते. बी समूहातला एक ठरावीक तुकडा मोजून कोणता प्रकार आहे ते अजमावतात. मोठ्या पैदास केंद्रांना हे सोपे आहे. तुम्हांआम्हांला घरबसल्या ते करता येणार नाही. मग या साऱ्या हकिकतीचा आपल्याला उपयोग काय?

उपयोग आहे. पहिला असा की, साथीतून ज्या कोंबड्या उरतात त्यांच्याकडे नुसते नशिबाने वाचलेल्या म्हणून पाहू नका. विकायची किंवा कापायची वेळ आलीच, तर अंडी उबवायला निदान त्यांना मागे ठेवा. दुसरा असा की, वर्षानुवर्षे एकाच कोंबड्याची पिल्ले वाढवीत बसू नका. बंदिस्त कळपातही निसर्ग दोन तऱ्हांच्या रक्ताची जोडी जपत होता, हे ब्राइल्स यांनी दाखवले; मग आपण ती का मोडावी? अधूनमधून दुसऱ्या गावचा निरोगी कोंबडा आणावा. मात्र आणल्यावर काही दिवस त्याला वेगळा ठेवावा. तिसरा असा की, देशी कोंबडी लहान अंडी घालते, कमी घालते, म्हणून तिला अगदीच मोडीत काढू नका. एकसारख्या केलेल्या जातींत ज्या खुणा गळून जातात, त्या अशा मिश्र कळपांत शिल्लक असतात. उद्या कोणता रोग येईल हे आज कोणी सांगू शकत नाही, आणि त्याला पुरून उरणारी खूण कोणाच्या रक्तात असेल तेही नाही.

शिक्षकांनी मुलांना वंशशास्त्र शिकवताना वाटाण्याच्या फुलांबरोबर ही कोंबडीची हकिकतही जरूर सांगावी. त्या मुलांच्या घरी डालग्याखाली कोंबड्या आहेत. मर येऊन गेल्यावर किती मेल्या हे घरात सगळेच मोजतात. मुलांना सांगा की, किती जगल्या, आणि त्या कोणाच्या पिलांतल्या, हेही एका वहीत लिहून ठेवा. कॉर्नेलच्या शास्त्रज्ञांची सुरुवातसुद्धा अशाच एका नोंदीने झाली होती.